दाखला नको, साक्ष हवी

दोन वर्षांपूर्वी आमच्या हायस्कुलाच्या माजी विद्यार्थ्यांनी एक चांगला विचार मांडला. मैदानाकडे तोंड असलेल्या व्हरांड्याच्या भिंतीवर एक कीर्तिफलक लावायचा आणि शाळेतून बाहेर पडलेल्या उत्तम फुटबॉलपटूंची नावे त्यावर कोरायची. ग्रॅनाइट कोणी द्यायचे, अक्षरे कोणाकडून कोरून घ्यायची, अनावरणाला कोणाला बोलवायचे, हे सारे एका बैठकीत ठरले. नावे कोणाची घालायची, हे मात्र एका संघात खेळाडू असतात तितक्या बैठका झाल्या तरी ठरेना.

नियमावली लिहिण्याचे काम मुख्याध्यापक या नात्याने माझ्याकडे आले. मी ती एका रात्रीत लिहून काढली. पहिलेच कलम असे होते : 'खेळाडूने राज्य अथवा विद्यापीठ पातळीवर प्रतिनिधित्व केलेले असावे व तसा दाखला सादर करावा.' मी इतिहासाचा एम. ए. आहे. कागदावाचून बोलू नये, अस्सल कागद हाच पुरावा, हे राजवाड्यांच्या परंपरेतले संस्कार. त्यातून पंचवीस वर्षे शाळेच्या कार्यालयात गेलेली. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांवाचून माणूस असतो यावर आमचा सहसा विश्वासच बसत नाही. त्यामुळे ते कलम लिहून मी स्वस्थ झोपलो.

ते कलम चूक होते, हे सांगण्यासाठी हा लेख. केवळ माझी चूक कबूल करायची असती तर समितीच्या इतिवृत्तात चार ओळी पुरल्या असत्या. पण आता बेळगावपासून निपाणीपर्यंत शाळा, मंडळे, तालमी अशा भिंती उभारू लागल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी कलम पहिले हेच असते. म्हणून जाहीरपणे भांडण काढणे भाग आहे.

कॅम्पात राहणाऱ्याला फुटबॉल शिकवावा लागत नाही. लष्कराची वस्ती, परेडचे मैदान, फादर लोकांच्या शाळा आणि पावसाळ्यातला चिखल या चार गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे हा खेळ आपोआप रुजतो. १८५६ साली सुरू झालेले सेंट पॉल्स हायस्कूल इथेच आहे. फादर एडींच्या स्मरणार्थ भरणारी शालेय फुटबॉल स्पर्धा पाहायला शाळा बुडवून गेलेले कित्येक विद्यार्थी आज स्वतः पालक होऊन माझ्यासमोर तक्रारी घेऊन बसतात. उत्तरेला कोल्हापूर. तिथे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींची नावे कुस्तीइतकीच फुटबॉलशी जोडलेली आणि शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की पेठाच्या पेठा ओस पडतात. घाट उतरला की गोवा, जिथे हा खेळ घरोघरी. या तिन्हींच्या मध्ये आमचा मुलूख. खेळाडूंचा दुष्काळ येथे कधीच नव्हता. दुष्काळ आहे तो नोंदींचा.

नियमावली फलकावर लावल्यानंतर आठवड्याभराने एक वृद्ध गृहस्थ शाळेत आले. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हयात गेलेली. बोटे जाड, उजवा गुडघा वाकत नाही. तरुणपणी वीस वर्षे लेफ्ट हाफला खेळलेले. मी मनात म्हटले, आता हे स्वतःसाठी शब्द टाकणार. त्यांना चहा सांगितला आणि नियमावलीची प्रत पुढे केली. ती त्यांनी बाजूला सरकवली.

"माझ्यासाठी नाही सांगायलोय सर," ते म्हणाले. "तो पलीकडच्या गल्लीचा गोली होता की, त्याचं नाव घाला. तुमच्याच शाळेचा हाय तो."

"त्यांच्याकडे काही दाखला आहे?"

"दाखला कुठला? निवड चाचणीला जायचं तर फाउंड्रीत रजा मिळत नव्हती. मलाही नाही, त्यालाही नाही. पण सर, मी त्याच्यावर वीस वर्षं मारले. गोल किती झाले सांगू? तीन. त्यातला एक पेनल्टी." थोडे थांबून ते म्हणाले, "मी पडलो होतो तवा चेंडू हातात धरून उभा राहिला. पुढं फेकला असता तर त्यांचा गोल होता. फेकला नाही. असा माणूस तुमच्या कागदात कुठं बसतोय बघा की."

मी कागद पाहिला. खरेच कुठे बसत नव्हता.

दाखल्याच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही, हे आधी मान्य करतो. ते म्हणतात, दाखला काढला की वशिला शिरतो. ज्याने ग्रॅनाइट दिले त्याचा मेहुणा पहिल्या ओळीत येतो, ज्याच्या हाती संस्था त्याच्या वडिलांचे नाव मोठ्या अक्षरांत येते. आठवणींचे काय, चाळीस वर्षांनी प्रत्येक जण आपल्या मित्राला पेले करून ठेवतो. हा धोका खरा आहे. मी स्वतः असे फलक पाहिले आहेत, ज्यांवर बूट कधी पायात न घातलेल्यांची नावे आहेत. परंतु आजार खरा आहे म्हणून हाती येईल ते औषध बरोबर ठरत नाही. दाखला वशिल्याला अडवतो असे समजणारांनी निवड चाचण्या कधी जवळून पाहिलेल्या नसाव्यात.

आणि दाखला असला म्हणजे न्याय होतो म्हणता? मग फुटबॉलबाहेरचे एक उदाहरण घ्या. खाशाबा जाधवांकडे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे कांस्यपदक होते, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. याहून मोठा दाखला जगात कोणता? ते १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. म्हणजे दाखला असूनही भिंत आंधळी राहते. मग ज्याच्याजवळ तो नाही त्याची काय कथा?

आता गोलांच्या आकड्यांकडे येऊ. आमच्या नियमावलीचे दुसरे कलम गोलसंख्येचे होते. आकड्यांचा मी द्वेष करत नाही. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या नावावर देशासाठी ९४ गोल होते. त्यापुढे कोणी वाद घालू नये. पण गोल मोजणारा नियम मैदानाच्या एका टोकाचे माणूस मोजतो, दुसऱ्या टोकाचे नाही. गोलरक्षकाची आयुष्यभराची कमाई म्हणजे शून्य, आणि ते शून्य तो प्रतिपक्षाच्या रकान्यात लिहून येतो!

आमच्या शेजारचेच पाहा. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे गोलरक्षक आणि कर्णधार होते. संतोष करंडकाचा १९८२-८३ चा अंतिम सामना गोव्याने बंगालशी बरोबरीत सोडवला आणि अजिंक्यपद वाटून घेतले. पुढच्या वर्षी पंजाबला एका गोलने हरवून ते एकट्याने मिळवले. दोन्ही वर्षी अंतिम लढतीत गोव्याच्या जाळ्यात चेंडू गेला नाही. या माणसाला अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ साली आणि पद्मश्री २०२२ साली. त्या करंडकानंतर जवळपास चार दशकांनी! गोल करणाऱ्यांना इतकी वाट पाहावी लागत नाही असे मी म्हणणार नाही, भारतात फुटबॉलपटूला वाट पाहावीच लागते. पण शून्य मोजायला आपल्याला अधिक वेळ लागतो, हे खरे.

आणखी एक गोलरक्षक सांगतो. तो हॉकीचा, पण आमच्या कॅम्पाशी नाते असलेला. शंकर लक्ष्मण मूळचे महूकडचे. त्यांची सुरुवात गावच्या फुटबॉल संघातून झाली. पुढे फौजेत हॉकी आली. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत ते भारताच्या गोलपुढे उभे होते, तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. तीन सामन्यांत मिळून त्यांच्यावर गोल झाला फक्त एक, रोममध्ये. दोन सुवर्ण, एक रौप्य. ते १९७९ साली कॅप्टन म्हणून निवृत्त झाले ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून, जिचे केंद्र आमच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर आहे. १९६४ च्या त्याच टोकियोच्या संघात आमच्या बेळगावचे बंडू पाटील होते. माझ्या दहावीच्या वर्गात विचारले तर ही दोन नावे किती मुलांना सांगता येतील? मी विचारले आहे. उत्तर छापण्याजोगे नाही. आणि हा दोष मुलांचा नव्हे, आमचा आहे.

आता एक गोष्ट, जी फक्त आपल्यासारख्या जिल्ह्यांतच कळते. १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, १ नोव्हेंबरपासून म्हैसूर राज्यात गेले. मुंबईने १९५४-५५ साली संतोष करंडक जिंकला, म्हैसूरने १९६७-६८ आणि १९६८-६९ अशी दोन वर्षे ओळीने. म्हणजे त्याच मैदानावर, त्याच गोलखांबांमध्ये खेळणारा थोरला भाऊ एका राज्याच्या निवडीला पात्र आणि धाकटा दुसऱ्या राज्याच्या. मी येथे सीमाप्रश्न मांडत नाही, तो मांडणारे समर्थ लोक या अंकात आहेत. मी फक्त खेळाडूचा हिशेब मांडतो. बंगळूर येथून पाचशे किलोमीटर. कोल्हापूर आणि पणजी त्याच्या चौथ्या हिश्शावर, पण ती दोन्ही परराज्ये. आमचा मुलगा कोल्हापूरच्या एखाद्या तालमीकडून खेळला तर तिथे तो बाहेरचा खेळाडू, गोव्यात खेळला तर पाहुणा, आणि राज्याच्या राजधानीत त्याला कोणी पाहिलेलेच नाही. मराठी मुलाचे असे झाले तसेच कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणाऱ्या त्याच्या सवंगड्यांचेही झाले. चेंडूला भाषा नसते, पण निवड समितीला पत्ता लागतो. अशा ठिकाणी 'राज्य प्रतिनिधित्व' ही अट घालणे म्हणजे जखम ज्याने केली त्याच्याकडूनच जखमेचा दाखला मागणे.

कोणी म्हणेल, मुख्याध्यापक भावनेच्या भरात वाहवले, जगात असे नियम चालत नाहीत. जगात काय चालते तेही पाहू. इंग्लंडमध्ये प्रेस्टन येथे २००२ साली फुटबॉलचे कीर्तिदालन सुरू झाले. पहिल्याच तुकडीत त्यांनी लिली पार हे नाव घेतले. ही बाई १९२० च्या सुमारास प्रेस्टनच्या डिक केर कारखान्याच्या महिला संघातून खेळू लागली. पुरुषांच्या सामन्यांइतकी गर्दी बायकांच्या सामन्यांना होऊ लागली तेव्हा १९२१ साली तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. लिली पारने मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी करीत खेळ चालू ठेवला. ज्या संघटनेने मैदानच नाकारले तिच्याकडून तिला दाखला कुठून मिळणार? तरी तिचे नाव दालनात आहे, कारण पाहणाऱ्यांनी आणि सोबत खेळणाऱ्यांनी ते जपले. आमच्या पहिल्या कलमाने लिली पारला व्हरांड्यातूनच परत पाठवले असते. आमच्या शाळेच्या मैदानावर आज मुलीही खेळतात. उद्या त्यांच्यासाठी भिंतीवर जागा असेल की नाही, हे आजचे कलम ठरवणार आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी १९६३ पासून त्यांच्या फुटबॉलचे कीर्तिदालन आहे. त्यांचा फुटबॉल बराचसा हातानेच खेळतात, ती गोष्ट सोडा. पण त्यांचा एक नियम घेण्यासारखा आहे : खेळणे थांबवून पाच वर्षे झाल्याखेरीज खेळाडूचा विचार नाही. आणि अमुक गुण केले तरच प्रवेश, असा किमान आकडा त्यांनी ठेवलेला नाही. पाच वर्षांचा शहाणपणा कशात आहे, ते छेत्रीनेच दाखवले. जूनमध्ये साश्रू निरोप झाला आणि मार्च २०२५ मध्ये गडी परत येऊन मालदीवविरुद्ध गोल करून मोकळा! घाईने संगमरवर कोरणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग लोकांचे मत घ्या, असे सुचवणारेही आमच्या समितीत होते. २००० साली फिफाने शतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडायला लोकांचे मतदान घेतले. लोकांनी मॅराडोनाला निवडले. जाणत्यांच्या मंडळाने पेलेला. शेवटी दोघांनाही मान द्यावा लागला. मतदानाने लोकप्रियता कळते, योग्यता कळतेच असे नाही. शिवाय ज्याची गल्ली मोठी त्याची मते जास्त, हे आम्हा बेळगावकरांना कोणी नव्याने सांगायला नको.

राहिला शीलाचा प्रश्न. शाळेच्या भिंतीवरचे नाव मुलांपुढे आदर्श म्हणून राहणार, तेव्हा चारित्र्य पाहिलेच पाहिजे, असे आमच्या एका सहकारी शिक्षकांचे मत. मी या बाबतीत अर्धा सहमत आहे. २२ जून १९८६ चा सामना पाहायला कॅम्पातल्या एका घरी आम्ही तीस जण एका टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलो होतो. मॅराडोनाने हाताने गोल केला आणि चारच मिनिटांनी निम्मे मैदान कापून, समोर येईल त्याला चुकवून दुसरा केला. एकाच माणसाने चार मिनिटांत खेळाचा अपमानही केला आणि सन्मानही. कँटोनाने १९९५ साली प्रेक्षकाला लाथ मारली, तरी सात वर्षांनी तो इंग्लंडच्या कीर्तिदालनात पहिल्या तुकडीत गेला. मैदानाबाहेरचे पिणे, भांडणे, कर्जे यांचा हिशेब भिंतीने करू नये. तसा केला तर मुख्याध्यापकांच्या कार्यालयातले फोटोही उतरवावे लागतील. पण रेषेच्या आतले वर्तन खेळाचाच भाग आहे. पडलेला गडी पाहून चेंडू हातात धरून ठेवणे हे शील आहे आणि ते कौशल्यही आहे. तेवढे मोजा, पुरे.

तर मग योग्यता कशात? माझे उत्तर आता एका वाक्यात येते : ज्याच्याविरुद्ध खेळून समोरचा अधिक चांगला खेळाडू झाला, तो योग्य. गोल, पदके, टोप्या ही त्याची खूण असू शकते, मूळ नव्हे. आणि याची साक्ष दोनच माणसे देऊ शकतात, त्याच्या बाजूला खेळलेला आणि त्याच्यासमोर खेळलेला. त्यातही दुसऱ्याची साक्ष अधिक मोलाची, कारण ती देण्यात त्याचा काही लाभ नसतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आता मला उमगते की शत्रूच्या बखरीतली स्तुती ही सर्वांत भरवशाची. म्हातारा लेफ्ट हाफ मला माझाच विषय शिकवून गेला.

यावर मी समितीपुढे जी नवी कलमे ठेवली ती अशी. खेळणे थांबवून दहा वर्षे झालेली असावीत. नाव सुचवताना प्रतिस्पर्धी संघातून खेळलेल्या निदान दोघांनी लेखी अथवा तोंडी साक्ष द्यावी. तोंडी असेल तर ती शाळेने उतरवून घ्यावी, सांगेल त्या भाषेत. देणगीदार आणि पदाधिकारी यांच्या नातलगांचे नाव आले तर त्यांनी त्या बैठकीला बसू नये. आघाडीच्या एका खेळाडूमागे बचावातला किंवा गोलपुढचा एक असावा. प्रत्येक नावाखाली का, हे तीन ओळींत कोरावे, कारण नुसते नाव वाचून मुलाला काहीच कळत नाही. आणि दरवर्षी नाव घातलेच पाहिजे अशी सक्ती नसावी. भिंतीवर जागा रिकामी राहिली तर राहू द्यावी. दाखला असेल तर जरूर जोडावा, नसेल तर दार बंद होऊ नये.

वशिल्याचा धोका यातूनही पूर्ण जाणार नाही. पण मेहुण्याला दाखला मिळवून देणे जितके सोपे आहे, तितके त्याच्यासाठी समोरच्या गल्लीतल्या दोन बॅकना खोटे बोलायला लावणे सोपे नाही. ज्यांनी आमच्याकडचे गल्लीचे सामने पाहिले आहेत, त्यांना याचे स्पष्टीकरण नको.

कलमे मंजूर झाली, एक मत विरुद्ध. त्या गोलरक्षकाच्या नावाला एक साक्ष मिळाली आहे, दुसरी हवी आहे. तो आता हयात नाही. त्याच्यावर चाल करून गेलेले बहुतेक जण सत्तरीच्या पुढे आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतले एकदोघे कमी होतात. कागद वाळवी खाते असे आम्ही वर्गात शिकवतो, पण माणसाची आठवण त्याहून लवकर जाते, हे शिकवत नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीपासून गडहिंग्लज-कोल्हापूरपर्यंतच्या घरांना, माझी विनंती आहे. फराळाला आलेल्या एखाद्या आजोबांना, मामांना, शेजारच्या काकांना विचारा, तुम्ही खेळत होता तेव्हा कोणाला भीत होता? कोणाला चुकवणे जमले नाही? ते जे नाव सांगतील ते लिहून ठेवा, त्या सामन्याची गोष्ट लिहून ठेवा आणि जवळच्या शाळेला द्या. ते नाव आपल्या गल्लीतले नसेल, आपल्या भाषेतलेही नसेल. नसले तर अधिक चांगले.